सासरचे नोन्नो, शेजारचे नोन्नो (अनुभव धागा)

अंजीरवाली (न्यू जर्सी)

सासूबाई आता नव्वदीच्या आहेत. त्या वृद्धाश्रमात गेल्यावर गेल्या महिन्यात आम्ही त्यांचं घर रिकामं करायला घेतलं. माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात गुलाबी रंगाची एक चोपडी. आत सासूबाईंच्या वडिलांचा फोटो, बोटाचा ठसा, थरथरत्या अक्षरातली सही. साल १९४२.

अमेरिका आणि इटली तेव्हा एकमेकांविरुद्ध युद्धात होत्या. नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन 'शत्रुराष्ट्राचे परकीय' ठरले होते. ही चोपडी सतत जवळ ठेवायची, शॉर्टवेव्ह रेडिओ आणि कॅमेरा पोलिसात जमा करायचा. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, कोलंबस डेला, ते निर्बंध उठले. पुढच्या वर्षी आजोबांचा थोरला मुलगा अमेरिकेच्या फौजेत गेला. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. ही चोपडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "तरीच तो रेडिओ एकदम गेला होता. पप्पांनी सांगितलं, बिघडला."

नोन्नो म्हणजे इटालियनमध्ये आजोबा. माझ्या वाट्याला हे नोन्नो फक्त दोन वर्षं आले. १९९६ ला माझं लग्न झालं, १९९८ ला ते गेले, पंच्याण्णव वर्षांचे होऊन. मोलिझे प्रांतातल्या कांपोबास्सोजवळच्या एका डोंगरी खेड्यातले. १९२० साली सतरा वर्षांचे असताना बोटीने आले. १९१७ च्या कायद्याने इथे उतरणाऱ्याला कुठल्या तरी एका भाषेतलं वाचून दाखवावं लागे. शाळा तिसरीत सुटलेली, म्हणून गावच्या पाद्रीबुवांनी निघण्यापूर्वी महिनाभर रोज संध्याकाळी वाचून घेतलं. "तेवढंच शिक्षण कामाला आलं, तेसुद्धा पाच मिनिटं," असं ते म्हणायचे. नंतरची अठ्ठेचाळीस वर्षं फावडं, कुदळ, आणि बांधकामावर शिडीने माल चढवणं. गॅसचे आणि पाण्याचे नळ टाकायचे चर त्यांनी किती मैल खणले असतील, देव जाणे. आमच्या गावातला एक रस्ता उकरताना पाहिला की नवरा आजही म्हणतो, खाली नोन्नो सापडतील.

कामाबद्दल मात्र काही सांगायचे नाहीत. विचारलं की हात पुढे करून तळवे दाखवायचे आणि वाइनचा ग्लास उचलायचे.

एक प्रसंग सांगते. १९९७ च्या एप्रिलमध्ये माझे बाबा पहिल्यांदा इकडे आले होते. आमचं माहेर सासवडजवळ, घरची अंजिराची बाग. नोन्नोंच्या परसात पोचलो तर ते खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते आणि माझा नवरा जमीन उकरत होता. मातीखालून फळ्या निघाल्या, फळ्यांखालून जुने गालिचे, पालापाचोळा. बाबा माझ्या कानात म्हणाले, "अगं, काय पुरलंय यांनी?" आडवं झोपवलेलं अंजिराचं झाड होतं. इथल्या थंडीत ते जगत नाही, म्हणून दर हिवाळ्यात एका बाजूची मुळं तोडून झाड खड्ड्यात निजवायचं आणि वसंतात परत उभं करायचं. दक्षिण इटलीतून आलेल्या किती तरी घरांत हा वार्षिक सोहळा असे.

मग त्या दोघांची जी काही मैफल जमली! एकाला मराठी, दुसऱ्याला मोलिझेची बोली, दोघांचं इंग्रजी यथातथाच. बाबांनी बोटांवर खट्टा बहर, मीठा बहर समजावला. नोन्नोंनी पानाचा देठ मोडून चीक दाखवला आणि वाटीत बोट फिरवल्यासारखं केलं. बाबा म्हणाले, "चिकाने दूध विरजतात म्हणे हे!" आणि स्वतःच्या मनगटावरची जुनी खाज दाखवली. नोन्नोंनी बाही वर केली. तोच डाग. जाताना बाबा त्यांच्या पाया पडले. नोन्नो गडबडले, मग बाबांच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. काय, ते कोणालाच कळलं नाही.

हा धागा त्यासाठीच काढतेय. इटलीतून पोटासाठी बाहेर पडलेला असा एखादा मजूर आजोबा तुमच्या सासरी, शेजारी, कामावर भेटला असेल तर लिहा. कर्तबगारी नको, कारखानदार आणि हॉटेलवाले तर नकोच. जे राबले आणि फार बोलले नाहीत, ते हवेत.

पावशेर

वाचतोय. घरमालक चालतील का? सासर मिळालं ते सोलापूरचं.

अंजीरवाली

घरमालक चालतील. सोलापूरचं वेगळ्या धाग्यात.

डॉ. बर्फाळ (व्हरमाँट)

मी फुफ्फुसांचा डॉक्टर. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर होते. घरी आल्यावर पंधरा मिनिटं खोकायचे आणि मग आईशी बोलायचे. त्यामुळे बॅरे या गावाबद्दल मी जे ऐकलं ते जरा जवळून ऐकलं.

बॅरे म्हणजे ग्रॅनाइटचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे कारारा आणि लोंबार्दीकडचे पाथरवट आले. हे अडाणी मजूर नव्हते. संगमरवरात पिढ्यानपिढ्या हात बसलेले कसबी कारागीर होते. कारारात काम उघड्यावर चालायचं आणि संगमरवराची धूळ त्या मानाने सौम्य. इथे कडाक्याची थंडी, म्हणून बंद शेडमध्ये काम. त्यात हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या आल्या. काम चौपट, धूळ त्याहून जास्त, आणि ग्रॅनाइटची धूळ म्हणजे सिलिका. सिलिकोसिस, त्यावर क्षय. धूळ ओढून घेणारी यंत्रं सर्वत्र बसली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस. तोवर माणसं चाळिशीत-पन्नाशीत जायची.

माझ्या एका वृद्ध पेशंटबाई आहेत. त्यांचे आजोबा कारारातून आलेले, देवदूतांचे पंख कोरण्यात नाव असलेले. बाई सांगतात, आजोबांना आपल्याला काय झालंय ते पक्कं माहीत होतं. शेवटच्या दोन वर्षांत दुपारी घरी यायचे, थोडं पडायचे आणि पुन्हा शेडवर जायचे. कशाला, तर स्वतःचा दगड पुरा करायला. बायकोचं नाव कोरून तारखेची जागा मोकळी ठेवली. आजी त्यांच्यामागे एकतीस वर्षं जगल्या, तेव्हा ती तारीख कोरणारा हात वेगळाच होता, आणि बाई म्हणतात तो फरक दिसतो. मी जाऊन पाहिला. मला नाही दिसला.

होप सेमेटरी नावाचं ते कबरस्तान एकदा पाहाच. सगळे दगड बॅरे ग्रॅनाइटचे. कुठे आरामखुर्ची, कुठे शर्यतीची मोटार, कुठे पलंगावर हात हातात धरून बसलेलं जोडपं. एक पुतळा आहे एलिया कोर्ती या पाथरवटाचा. पायाशी हत्यारं, गालाला हात, कोटाचं बटणसुद्धा खरं वाटावं असं. १९०३ साली गावातल्या सोशालिस्ट लेबर पार्टीच्या हॉलमध्ये समाजवादी आणि अराजकवादी भिडले, त्यात गोळी लागून तो मेला. हा हॉल इटालियनांनीच १९०० साली बांधला होता. १९१२ ला मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या कापड गिरण्यांचा संप चिघळला तेव्हा संपकऱ्यांची ३५ पोरं बॅरेला पाठवली गेली आणि इथल्या घरांनी ती सांभाळली. गिरणीच्या संपात पोरं गावी धाडणं म्हणजे काय, हे मला १९८२ मध्ये कळलेलं आहे. मी सात वर्षांचा होतो. आम्हाला राजापूरला पाठवलं होतं.

बाईंची आजी? नवऱ्यामागे खानावळ घातली आणि दारूबंदीच्या काळात मागच्या दाराने वाइन विकली. बॅरेतल्या कितीतरी विधवांनी हेच केलं. गावातल्या पोलिसांना ठाऊक असायचं. बाई हसत म्हणतात, "पोलीससुद्धा तिचेच गिऱ्हाईक."

मधली_सुट्टी

डॉक्टर, तुमचं वाचून थांबले. माझ्या घरचं फारच किरकोळ. जावेचे आजोबा सिसिलीचे. न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंडवर, जिथे बोटीने येणाऱ्यांची तपासणी होई, तिथल्या साहेबाने त्यांचं आडनाव बदलून टाकलं अशी त्यांच्या घरात गोष्ट आहे. साहेबाला उच्चार जमेना म्हणून. बाकी आजोबा न्हावी होते, म्हणजे मजुरात बसत नाहीत बहुधा.

चिकित्सक

न्हावी बसतात हो. पण आडनावाची गोष्ट बसत नाही. एलिस आयलंडवर नावं लिहून घेत नसत. बोट सुटतानाच इटलीत प्रवाशांची यादी तयार व्हायची आणि इथला कारकून ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचा. सोबत दुभाषे असत. नावं बदलली ती नंतर. शाळेतल्या बाईंनी, कामावरच्या मुकादमाने, आणि बरेचदा स्वतः माणसाने, नोकरी मिळेना म्हणून.

मधली_सुट्टी

जावेला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आजोबांनी स्वतःच बदललं आणि आम्हाला साहेबाचं नाव सांगितलं?" आता ती दिवसभर गप्प आहे. चिकित्सक, तुमचे आभार मानू की कसं ते कळत नाहीये.

पावशेर (ब्रुकलिन)

बरं, घरमालक.

२००४ ते २००९ मी बेन्सनहर्स्टमध्ये एका म्हाताऱ्यांच्या तळघरात भाड्याने राहायचो. नोला नावाच्या गावाकडचे, नेपल्सजवळचे. गोदीत हमाली केलेले. भाडं रोख, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि भाड्याबरोबर जेवण सक्तीचं. मी शाकाहारी, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला आईची आठवण आली. मग पास्ता आणि चवळीसारख्या घेवड्याच्या दाण्यांचं रटरटीत काहीतरी समोर आलं. त्याला ते 'पास्त फझूल' म्हणायचे. पातळ पिठलं-भाताच्या जातीचं सुख.

त्यांच्या भाषेची गंमत सांगतो. काम म्हणजे 'जोब्बा', साहेब म्हणजे 'बोस्सो', आणि संडास म्हणजे 'बाक्काउसो'. हे शेवटचं मी खूप दिवस इटालियन समजत होतो. नंतर कळलं की मूळ शब्द बॅकहाउस, म्हणजे घरामागचा संडास. अमेरिकेतून परतलेल्या मजुरांनी तो दक्षिण इटलीतल्या खेड्यांपर्यंत नेला. आमचे आजोबा गिरणगावातून चिपळूणला जाताना 'बाकडा' आणि 'खाडा' घेऊन जायचे, तसंच.

आणि जिल्यो. हे बघायला हवं. दर जुलैत विल्यम्सबर्गमध्ये नोलावाल्यांचा उत्सव असतो, १९०३ पासून. सत्तर फुटांच्या वर उंच, काही टन वजनाचा मनोरा, त्यावर संतांची मूर्ती, खालच्या चौथऱ्यावर चक्क अख्खा बँड वाजवत बसलेला, आणि हे सगळं शंभरावर बाप्ये खांद्यावर उचलून नाचवतात. हो, नाचवतात. शिमग्यात पालखी नाचवलेली ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. घरमालक तेव्हा ब्याऐंशीचे, उचलायचं कधीच बंद झालेलं. पण दर वर्षी मला घेऊन जायचे आणि शर्टाचं वरचं बटण काढून खांद्यावरचा घट्टा दाखवायचे. "गोदीचा नाही," म्हणायचे, "हा संतांचा." गोदीतला घट्टा दुसऱ्या खांद्यावर होता. तो कधी दाखवला नाही. आंघोळ करून बाहेर आले तेव्हा एकदा दिसला.

खोडवा (उत्तर क्वीन्सलंड)

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. आई-वडील ऊसतोडीला कोल्हापूर, कर्नाटक असे जायचे. मी शिकलो, ऊस संशोधनात आलो आणि फिरत फिरत पोचलो ते पुन्हा उसातच. आमच्या भागातलं इंगम हे गाव म्हणजे ऑस्ट्रेलियातली छोटी इटलीच.

इथे १८९१ साली 'जुम्ना' नावाच्या बोटीने उत्तर इटलीतले तीनशेहून जास्त लोक आणले, उसाच्या मळ्यांवर. त्याआधी इथे पॅसिफिकच्या बेटांवरून आणलेले मजूर राबत. माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याचे आजोबा बरेच नंतर, १९२६ ला आले, प्येमोंतेहून. त्यांच्या घरी भिंतीवर ऊस तोडायचा कोयता टांगलेला आहे. इथला कोयता आपल्यापेक्षा रुंद, टोकाला आकडा असलेला. मी तो हातात घेतला आणि न बघता मुठीची जागा बरोबर पकडली. सहकारी म्हणाला, "तू कधी ऊस तोडलायस?" मी म्हटलं, आठवीपर्यंत, सुट्टीत.

मग त्याने आजोबांचं सांगायला सुरुवात केली. सात-आठ जणांची टोळी, टनावर पैसे, सगळ्यांनी वाटून घ्यायचे. बरॅकमध्ये राहणं, एकाने आळीपाळीने सगळ्यांचं रांधायचं. हंगाम संपला की तंबाखूच्या शेतावर किंवा मिळेल ते काम. आपल्याकडे 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिथे बायका टोळीत नव्हत्या, त्या इटलीतच राहिलेल्या. आजोबांची बायको नऊ वर्षांनी आली. मोठ्या मुलाने बंदरावर बापाला ओळखलं नाही.

आणि आता मुंबईकरांनी कान द्यावा. १९३४ च्या सुमाराला इथे तोडणीवाल्यांना एक ताप यायला लागला. कावीळ, मूत्रपिंडं निकामी, माणसं दगावायची. उसात उंदीर, उंदरांचं मूत चिखलात, चिखल पायाच्या जखमेत. म्हणजे आपला लेप्टो! तेव्हा त्याला वाइल्सचा रोग म्हणत. मजुरांचं म्हणणं होतं, तोडायच्या आधी फड पेटवा, म्हणजे उंदीर जातील. कारखानदार नाही म्हणाले, जळालेल्या उसाचा साखर उतारा कमी पडतो. त्यावरून १९३४-३५ मध्ये संप झाले, त्यात इटालियन पुढे. शेवटी पेटवून तोडणं सुरू झालं. आपल्याकडे जळीत ऊस म्हटलं की आजही पैसे कापतात, आणि फड पेटला की लोक मजुरांनाच बोल लावतात. इथे मात्र जाळण्यासाठी माणसं लढली हे ऐकून मी दोन दिवस त्याच विचारात होतो. माझ्या आईला कळवलं. ती म्हणाली, "आमच्याकडं कुणी इचारलंच न्हाई, उंदराचं."

१९४० ला इटली युद्धात उतरली आणि क्वीन्सलंडमधल्या अनेक इटालियनांना पोलिसांनी शेतावरून उचलून छावण्यांत टाकलं. हे आजोबासुद्धा दोन वर्षं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या लव्हडेच्या छावणीत होते. परतले तेव्हा ऊस कोणी तोडला होता, कोणी नाही, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, गेला होता. त्याबद्दल काय म्हणायचे, मी विचारलं. सहकारी म्हणाला, "काही नाही. लव्हडेच्या द्राक्षांना चव नव्हती, एवढंच."

अंजीरवाली

खोडवा, टोळी आणि कोयता वाचून एक राहून गेलेलं आठवलं. आमच्या नोन्नोंचे वडील त्यांच्याआधी तीनदा अमेरिकेला येऊन परत गेले होते. वसंतात यायचं, थंडी पडली की पैसे घेऊन गावी. अशा ये-जा करणाऱ्यांना 'स्थलांतर करणारे पक्षी' म्हणत. त्यांना काम द्यायचा 'पाद्रोने'. तिकिटाचे पैसे आधी तो भरायचा, मग मजुरीतून वळते करायचा, वर कमिशन घ्यायचा. राहायची झोपडी त्याची, पाव आणि सारडीन विकणारं दुकानही त्याचंच. नवऱ्याला मी हा प्रकार इंग्रजीत समजावत बसले होते. माझ्या बाबांना फोनवर एका वाक्यात सांगितलं: मुकादम आणि उचल.

आणखी एक. १८९५ ला न्यूयॉर्कच्या क्रोटन धरणाच्या कामासाठी मजूर हवे म्हणून एक जाहिरात निघाली होती. दिवसाचे दर: गोरे मजूर १.३० ते १.५० डॉलर, काळे मजूर १.२५ ते १.४०, इटालियन १.१५ ते १.२५. इटालियन गोऱ्यांत धरलेले नाहीत आणि सर्वांत खाली आहेत. दिवाणखान्यात बसून 'आजकालचे हे बाहेरून येणारे लोक' सुरू करणाऱ्या माझ्या चुलतसासऱ्यांना मी हे दर वर्षी थँक्सगिव्हिंगला ऐकवते. दर वर्षी ते म्हणतात, "ते वेगळं होतं."

ऐरोली_ते_ऐरोलो (स्वित्झर्लंड)

आयडीचा खुलासा आधी. बालपण नवी मुंबईत ऐरोलीला गेलं. नोकरीसाठी इथे आलो तर पहिल्याच आगगाडीच्या प्रवासात गोटहार्ड बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी स्टेशन आलं: ऐरोलो. मी मोठ्याने हसलो, डब्यातले लोक बघायला लागले. उतरून पाहिलं तर स्टेशनशेजारी ब्राँझचं एक मोठं शिल्प: एका मजुराचं कलेवर स्ट्रेचरवरून नेणारे मजूर. व्हिन्चेन्झो वेला यांचं 'कामाचे बळी'. १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत १५ किलोमीटरचा तो बोगदा खणला गेला, बहुतेक इटालियन हातांनी. स्फोट, दरडी, पाणी, आणि आतल्या घाणीत पसरलेला हुकवर्म. मग हसू आलं नाही.

माझ्या ऑफिसातली एक सहकारी साठीला आलीये. तिचे वडील, म्हणजे तिच्या मुलांचे नोन्नो, व्हेनेतोच्या डोंगरातल्या बेल्लुनो जिल्ह्यातले. १९५७ पासून इथे धरणांवर. तेव्हाचा परवाना हंगामी असे: वर्षातले नऊ महिने काम, मग देश सोडायचा, पुढच्या वर्षी परत. सरहद्दीवर डॉक्टरी तपासणी, कपडे काढून रांगेत. बायकोमुलांना आणायला बंदी. तरी लोक आणायचे. लपवून.

ही सहकारी तशी लपवलेली पोर. वय तीन ते सहा. बाप धरणावर, आई हॉटेलात भांडी घासायला, आणि ही खोलीत, बाहेरून कुलूप. नियम तीन: मोजे घालूनच चालायचं, नळ सोडायचा नाही, दार वाजलं तर पलंगाखाली. आज ती मोठ्या कंपनीत विभागप्रमुख आहे, पण जिन्यावरून उतरते ती अशी की ऐकूच येत नाही. मागून येऊन उभी राहते आणि नवीन मुलं दचकतात. सगळे तिची थट्टा करतात. मीही करायचो.

वडील १९६५ ला माट्टमार्कच्या धरणावर होते. ३० ऑगस्टला संध्याकाळी वरच्या आलालीन हिमनदीचा कडा तुटला आणि खालच्या कामगारांच्या बरॅकींवर आला. ८८ मेले, त्यांत ५६ इटालियन. बेल्लुनोचे १७. बरॅक हिमनदीच्या बरोबर खाली बांधल्या होत्या. यांची पाळी रात्रीची होती, ते गावात दाढी करायला गेले होते. म्हणून वाचले. पुढे खटला चालला. १९७२ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. मेलेल्यांच्या घरच्यांनी अपील केलं ते फेटाळलं, वर कोर्टखर्चातला अर्धा वाटा त्यांच्याच माथी मारला. तिच्या वडिलांनी त्या पैशासाठी आपल्या गावात वर्गणी गोळा केली. ती यादी तिच्याकडे आहे. मी पाहिली: पाच फ्रँक, दहा फ्रँक, दोन फ्रँक, एका बाईसमोर लिहिलंय 'अंडी'.

त्यानंतर त्यांनी दाढी ठेवली. मरेपर्यंत. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, वेळ वाचतो.

टकमक (ब्रुसेल्स)

ऐरोली, अंगावर आलं. मी थोडक्यात लिहिते, कारण माझं ऐकीव आहे.

१९४६ च्या जूनमध्ये इटली आणि बेल्जियमचा करार झाला. इटलीने ५०,००० मजूर कोळशाच्या खाणीत पाठवायचे, बेल्जियमने इटलीला कोळसा विकायचा. इटलीभर गुलाबी जाहिराती लागल्या, त्यांत पगार, रजा, घर सगळं होतं. घर म्हणजे युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या छावण्या. खाणीत उतरल्यावर ज्याचं धाडस झालं नाही आणि ज्याने करार मोडला, त्याला ब्रुसेल्सच्या 'पेती शातो'मध्ये डांबून मग परत धाडत. मी निर्वासितांसाठी दुभाष्याचं काम करते. अनेक वर्षं पेती शातोमध्येच निर्वासितांचं स्वागत केंद्र होतं. तिथला रात्रीचा पहारेकरी इटालियन आडनावाचा होता. एकदा चहा पिताना म्हणाला, "माझा नोन्नो इथे अकरा दिवस होता. तो बंदच केलेला होता. मी किल्ल्या घेऊन फिरतो." मग त्याने माझा कप धुऊन ठेवला.

८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसं गेली, त्यांत १३६ इटालियन. त्यानंतर इटलीने मजूर पाठवणं थांबवलं. ती खाण आता जागतिक वारसा आहे. जाऊन आले. गेटवर कामगारांच्या बायका गजांना धरून उभ्या असलेल्या जुन्या फोटोतलं तेच गेट आहे. मी गजाला हात लावला नाही.

चिकित्सक

अंजीरवाली, जरा विषयांतर. तुमच्या मिस्टरांना आजोबांच्या नावावर इटालियन पासपोर्ट मिळत असेल ना? माझ्या ओळखीत चौघांनी काढलाय. कांपोबास्सोला जन्मदाखला मागवा.

अंजीरवाली

मागवला होता. अडीच महिन्यांत आला, सुंदर अक्षरात. पण मार्च २०२५ मध्ये इटलीने नियम आवळले. आई-बाप किंवा आजी-आजोबांपर्यंतच नातं चालतं, आणि ते आजोबा शेवटपर्यंत फक्त इटालियन नागरिक असायला हवेत. आमच्या नोन्नोंनी १९४४ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, मुलगा लढाईवर असताना. झालं, संपलं. नवरा म्हणाला, "बेचाळीस साली फार इटालियन होते म्हणून चोपडी दिली, आता पुरेसे इटालियन नाहीत म्हणून पासपोर्ट नाही." दाखला फ्रेम करून लावलाय. चोपडी सासूबाईंनी ठेवून घेतली, उशीखाली.

मधली_सुट्टी

जाऊ बोलली आज. म्हणाली, न्हावी आजोबा लहानपणी तिचे केस कापायचे तेव्हा इटालियनमध्ये काहीतरी गुणगुणायचे आणि कोणी गिऱ्हाईक आत आलं की मधेच थांबायचे. एवढंच आठवलं म्हणाली, लिही तिथे. लिहिलं.

डॉ. बर्फाळ

अंजीरवाली, एक व्यावहारिक प्रश्न. माझ्या पेशंटबाईंनी मला अंजिराची फांदी दिलीये, मूळ धरलंय. व्हरमाँटच्या थंडीत पुरून जगेल का? आणि पुरतात कसं नेमकं?

अंजीरवाली

तुमच्याकडे पहिली तीन-चार वर्षं कुंडीतच ठेवा आणि हिवाळ्यात तळघरात न्या, जमिनीत नको. माझं नोन्नोंच्या झाडाच्या फांदीपासून केलेलं आहे, ते मी असं पुरते: पानं पूर्ण गळू द्या. घाई करू नका, ओली पानं आत कुजतात. फांद्या सुतळीने एकत्र बांधा, झाडूसारख्या. ज्या बाजूला निजवायचं त्या बाजूला झाडाच्या उंचीइतका लांब चर, गुडघाभर खोल. विरुद्ध बाजूची मुळं फावड्याने उभी तोडा, चराच्या बाजूची अजिबात नाही. मग एकाने बुंधा हळूहळू वाकवायचा आणि दुसऱ्याने मुळाशी पाय देऊन उभं राहायचं. करकर आवाज येतो, घाबरू नका. कडकड आला तर थांबा. वर कोरडी पानं, जुना गालिचा, फळ्या, शेवटी माती. प्लास्टिक नको, घाम धरतं. उंदरांसाठी नोन्नो फळ्यांच्या फटीत काचेचा चुरा भरायचे. मी नाही भरत.

दोन माणसं लागतातच. यंदा नवऱ्याची पाठ धरली आहे आणि पोरगा सुट्टीवर येतोय तो थँक्सगिव्हिंगला, म्हणजे उशीरच. न्यू जर्सीत कोणी असेल आणि नोव्हेंबरातला एखादा शनिवार मोकळा असेल तर मला इथेच निरोप टाका. फावडं आहे. जेवण सक्तीचं.